उजवं कर्णफूल

होहोएला तेव्हा सिनेमा गाडीतून यायचा:
एक टीव्ही, एक जनरेटर, वर ताडपत्री.
पोस्टर मात्र आमच्या अंगणात व्हायचं.
मैद्याची दोन पोती उसवायची, उभी जोडायची,
डिंकाचा हात द्यायचा, आणि तो वाळेपर्यंत
झिफा मावशी मासे तळायची.
मी नऊ वर्षांची. रॉकेलमध्ये ब्रश धुणं माझ्याकडे.

कॅसेट कधीच आधी यायची नाही.
अग्बेको सायकलवरूनच गोष्ट सांगायचा,
एक पाय जमिनीला टेकवून:
"बाई आहे. पैसेवाली आहे. शेवटी जळते."
"का जळते?"
"पैसेवाली आहे, सांगितलं ना.
तोंडातून साप काढ. नखं लाल."

प्रार्थना करणारी वाचायची, हसणारी मरायची.
मावशीला हे बाजारभावासारखं पाठ होतं.
हसणारीला लाल रंग जास्त लागतो,
म्हणून तिचे दोनशे सेडी वर घ्यायची.

त्या वेळी अडली ती चेहऱ्यावर.
श्रीमंत बाई आम्ही दोघींनी एकच पाहिलेली,
कापडवाली यावा.
टोगोच्या हद्दीवरून गठ्ठे आणणारी,
नवरा नसताना दुमजली घर बांधलेली,
हसली की पलीकडच्या गल्लीत कळायचं.
मावशीनं तिचं कपाळ घेतलं, गालफडं घेतली.
घेतली म्हणजे काय, हाताला तीच येत गेली.
मग ब्रश माझ्याकडे देत म्हणाली,
कान तू कर.

माझा पहिला कान.
जीव ओतून केला.
खाली कर्णफूल, सोनेरी, तीन थेंबांचं,
हुबेहूब यावाच्या उजव्या कानातलं,
कारण ती कापड मोजायला वाकली की
ते माझ्या नाकासमोर झुलायचं.

हरमाटानचे दिवस होते. ओल्या रंगावर धूळ बसली,
सापाला खवले आयते मिळाले.

बाई जळली तेव्हा टाळ्या पडल्या.
आठवड्याभरात पोरं यावाच्या दारावरून जाताना
सापासारखी फुत्कारू लागली. नुसती गंमत.
मग कुणाचं तरी मूल तापानं गेलं.
मग कापड कुणी घेईना.
एका पहाटे ती गठ्ठ्यांसकट हद्दीपलीकडे निघून गेली,
आणि दुमजली घरात, खालच्या मजल्यावर,
अग्बेकोनं व्हिडिओ हॉल थाटला.

मावशी काही बोलली नाही.
पुढच्या चेटकिणीला तिनं स्वतःचा चेहरा दिला,
फुटका दात, देवीचे व्रण, सगळं.
अग्बेको म्हणाला, हे काय,
ही तर कुणाची तरी आई दिसते.
पोस्टर परत आलं. त्याचं आम्ही कोंबड्यांना छप्पर केलं.

आता कोलोनमध्ये, काचेमागे,
वरून बेताचा दिवा सोडलेलं
आमचं पोतं टांगलंय.
कपाळातून गिरणीचं नाव अजून दिसतं.
पाटी म्हणते, चित्रकार अज्ञात.
दोन मुली सापाशेजारी उभ्या राहून फोटो काढतात,
एक म्हणते, काय जबरदस्त बाई आहे ही,
आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटतं.
यावाला इतक्या वर्षांत
कुणी हे म्हटलं असेल का, ठाऊक नाही.

बाहेर टेबलाशी एक भली बाई वही घेऊन बसलेली.
मी मावशीचं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून.
तिनं ते दोनदा लिहिलं, उठून माझा हात हातात घेतला.
मग म्हणाली, एक विचारू?
सगळं चित्र एका हाताचं,
फक्त कान वेगळा वाटतो. फार प्रेमानं काढलाय.

पर्सची चेन लावलेलीच होती. मी ती पुन्हा लावली.
"हो," म्हटलं,
"तो दुसऱ्या कुणीतरी केलाय."