शेरा

सकाळी आठला पट्टी वाचायची,
मग बाराला, मग पाचला.
पुराच्या दिवसांत तासातासाला, टॉर्च दातांत धरून.
पातळी, वेळ, आभाळ, सही,
आणि कडेचा अरुंद रकाना : शेरा.
बावीस वर्षं मी तिथं लिहीत आलो
‘निरंक’.

उंबरडोह. किनवटपासून सायकलीवर दीड तास.
पैनगंगेचा हा काठ मराठवाड्यातला,
पलीकडचा विदर्भातला,
असं नकाशा म्हणतो. कहूच्या मुळ्या
दोन्हीकडून पाण्याखाली एकमेकींना भेटतात.
करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज,
आणि खडकाच्या फटीत बोटं रोवून बसलेली शेरणी :
पूर आला की आडवी,
पूर गेला की उठून
केसांतला गाळ वाळवत उभी.

‘काय लिहूलालाव, सायेब?’
पोशट्टी भोयानं एका भादव्यात विचारलं.
म्हटलं, पाणी चढतंय.
‘पाणी कुठं चढूलालंय?
रान उतरूलालंय पाण्यात.’
आणि थर्माकोलच्या तराफ्यावर मला बसवून
नेलं त्यानं झाडांच्या मधून.

उन्हाळ्यात ज्या फांदीला मी डबा टांगायचो
ती माझ्या गुडघ्याशी होती.
खोडावरून गोमी, विंचू, कातळपाली
एका रांगेत वर निघालेल्या, कुणी कुणाला चावत नव्हतं.
मुंग्यांचा एक गोळा, मधोमध त्यांची अंडी,
फिरत फिरत आमच्याजवळून गेला.
वाळुंजानं पाण्याखालच्या खोडाला
गुलाबी मुळ्यांची दाढी फोडलेली,
दम कोंडला की माणूस तोंड उघडतो, तशी.
एकाच उंबरावर वरती हरियाल,
खालती, पानापानांतून, मासे.

डुबुक.
पिकलं फळ पडलं, आणि पाणी तिथं उकळलं.
पोशट्टीनं गळाला उंबर लावलं होतं.
संध्याकाळी त्यानं मासा चिरला :
आतड्यात नुसतं बी, राईहून बारीक.
‘पाणी बी नेतंय ते खालीच नेतंय.
वर न्यायला मासाच लागतोय.
म्हणून समदे धरू नाहीत.’
आणि दोन सोडून दिले.

मग फोन आले.
आता पूर आभाळातून येत नाही, मेसेजमधून येतो :
अमुक वाजता दारं उघडतील, अमुक वाजता मिटतील.
चैत्रात, करंज फुलून जांभळट झालेला,
वाळूवर वाळुंजाची रोपं पोटरीएवढी,
वर ढगाचं नाव नाही, आणि रात्रीतून दोन पुरुष पाणी.
पहाटे गेलंसुद्धा.
रोपांच्या जागी धुतलेली वाळू.

आठला मी पट्टीकडे गेलो.
कहूच्या बेचक्यात, माझ्या डोक्याच्या हातभर वर,
एक मरळ.
परत जायला तिला वेळ मिळाला नव्हता.
पोशट्टी झाडावर चढला, दोन्ही हातांनी
फळ उतरवावं तशी तिला उतरवली,
आणि विकली नाही.

त्या दिवशी शेऱ्यात लिहिलं :
‘झाडावरून मासा उतरवला.’
रजिस्टर वर गेलं,
तांबड्या शाईत परत आलं :
‘खुलासा करावा.’

आठ दिवस कागद खिशात घेऊन हिंडलो.
पोशट्टी म्हणाला, चला.
धबधब्याच्या वरच्या अंगाला, पायऱ्या पायऱ्यांच्या खडकात,
जिथं खालचं पाणी कधीच पोचणार नाही
आणि वर कोसभर उंबर नाही,
एका भेगेत ते होतं.
तिथंच मांडीवर कागद ठेवून लिहिलं :

खुलासा.
उंबर, एक. पानं, चार.
उंची एक वीत, प्रत्यक्ष मोजली.
आणणारा सापडला नाही.