चुलीशिवाय

पद्मावतीच्या आमच्या गच्चीवर
दिवाळीनंतरचं ऊन कोरडं, कामाचं.
जुना पंचा पसरून मी मुगाची उसळ वाळत घालते,
शिजलेली, मिठाची, फोडणीशिवाय.
तेल वाळत नाही, खवट होतं,
हे हेरंबनं मला शिकवलं
एक अख्खी पिशवी दरीकाठी पुरून.

गोवंडेकाकू टाकीमागून विचारतात,
"वाळवण? आत्ता? चैत्र कुठे नि तू कुठे!"
मी म्हणते, बेचाळीस दिवसांचं जेवण आहे, दोघांचं.
त्या पेरांवर काहीतरी मोजतात,
आणि न बोलता
कावळ्यांसाठीची काठी आणून देतात.

मंडईतून पाच किलो टोमॅटो रिक्षानं आले होते.
ताटांत ओतलेला रस तिसऱ्या दिवशी सुटतो,
पापुद्रा उजेडाकडे धरला
तर सिंहगडाचा मनोरा त्यातून लाल दिसतो.
दळून झाल्यावर सगळे टोमॅटो
चहापत्तीच्या डब्यात मावले,
वर बोटभर जागा उरली.
बाकीचं काय ते
पद्मावतीच्या हवेत गेलं.

रात्री परीक्षा.
लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी, नळाचं गार पाणी, घड्याळ.
जाडे पोहे, मेतकूट, ताकाची भुकटी: सहा मिनिटं. छान.
मूग: पन्नास मिनिटं, कडेला जरा कचकच.
राजमा: तीन तास.
राजमा नापास.
गॅस दोन हातांवर आहे, लायटर खिळ्याला.
मी त्याच्याकडे पाठ करून गार उसळ खाते
आणि सवय लावते जिभेला.

कुणी विचारलं तर आम्ही वजनाचं कारण सांगतो.
स्टोव्ह, गॅसची डबडी, भांडं: सव्वा किलो.
लोकांना पटतं ते.

खरं म्हणजे फेब्रुवारीत एका पठारावर
सकाळी साडेसहाला मला चहा हवा होता.
गवत कमरेएवढं. वारा नव्हता.
मग होता.
हेरंब जॅकेटनं झोडपत होता, मी झोपायच्या चटईनं,
चटई वितळून माझ्या हाताला चिकटली.
पाडा वाचला.
ठकूबाईची गंजी नाही,
दोन म्हशींचा पावसापर्यंतचा चारा.

ती ओरडली नाही. लोटाभर पाणी पुढे केलं,
"आधी प्या," म्हणाली, "मग बोलू."
मग बोललो. तिनं पैसे मागितले,
आमच्याकडचे दोनदा मोजले, कमी भरले.
उरलेले पुढच्या रविवारी नेऊन दिले,
तेव्हा ती घरी नव्हती. सुनेनं घेतले.
तेवढंच.

रविवार पेठेतून सोनारकामाचा काटा आणलाय,
शून्यावर यायलाही वेळ घेणारा.
एका जेवणाला एकशे दहा ग्रॅम,
पुडीवर मार्करनं दिवस आणि वेळ.
चौदा सकाळ. चौदा रात्र.
हेरंब मोजतो, मी कागद दुमडते,
जमिनीवर पुड्यांची रांग सोफ्याखालून वळून
बाल्कनीच्या दारापर्यंत गेलीये.

"एकोणीस रात्र," तो थांबतो.
"तीनशे तीस भरतायत. दोनशे वीस हवेत."
काटा हलवून बघतो, फुंकर मारतो, पुन्हा ठेवतो.
तीनशे तीस.
मी चिकटपट्टीचं टोक शोधत असते,
ते मला कधीच सापडत नाही.
तो नकाशाकडे बघतो, भिंतीवरच्या,
पेन्सिलीच्या रेघेवर एकोणीस कुठे पडतो तिकडे,
मग ती पुडी उचलून
माझ्या नाही, स्वतःच्या पिशवीत टाकतो.

राजम्याचं काय करायचं
ते मात्र अजून ठरलेलं नाही.
गोवंडेकाकू म्हणतात, दे इकडे,
कुकरला लावते.