इतर

बदनापूरच्या अलीकडं, तुरीच्या तुकड्यात
रात्रभर एक दिवा जळतो.
दिव्याखाली पत्र्याचं नरसाळं, नरसाळ्याखाली पिशवी.
सकाळी शेषकला ती पिशवी
टवके उडालेल्या पांढऱ्या ताटात पालथी करते
आणि सुईनं पाकुळ्या निवडते,
डाळीतले खडे निवडावेत तशा.

पंखावर वालाच्या दाण्यासारखा डाग, ती घाटेअळीची.
पांढऱ्या रेघांची जाळी, ती तंबाखूवरची.
पिसासारखे चिरलेले पंख, ती पिसारी.
बाकी सगळं इतर.
मी आकडे उतरवून घेतो.
हजेरीपटही माझ्याकडंच असतो.

त्या दिवशी सुई थांबली.
"हिला काय म्हणायचं, मुळजकर?"
मी चष्मा वर सरकवला.
करडईच्या फोलपटाएवढी पाकुळी,
रंग वाळल्या कडब्याचा,
आणि दोन्ही पंखांवर गोधडीला घालतात तसले टाके,
तीन घातलेले, चौथ्याला काहीच नाही.
"दोरा पुरला नाही बघा हिला," शेषकला म्हणाली.

पुस्तकात नव्हती. मी दोनदा चाळलं.
साहेबांनी भिंगातून पाहिलं.
"तुरीला काही करत नाही ना?
मग कशाला नाव शोधायलात?"

शेषकलानं तिला चिमटीत उचललं
आणि चिमूट जराशी जोरात बसली.
पंख काचेसारखा कोरा झाला.
टाके तिच्या अंगठ्यावर उतरले,
राखेसारखे,
पण राखेला नसते तसली चमक होती त्यांना.
"गेलं की हो," ती म्हणाली. एवढंच.

मग हजेरी.
तिला सही येते. गोल, ठसठशीत, पूर्ण नावाची.
पण रोजंदारीच्या पटावर रकाना अंगठ्यापुरताच,
आणि तो मीच आखलाय.
तिनं हात पुसला नाही.
जांभळ्या पॅडवर अंगठा दाबला, मग कागदावर.
रेषांच्या भोवऱ्यात मधोमध
शाई धरलीच नाही:
तीन कोरे टाके,
चौथ्याच्या जागी नुसतं जांभळं.

डाग पडला, परत लाव,
असं म्हणायची पद्धत आहे.
मी टीपकागद ठेवला आणि पान उलटलं.
ऑडिटला कुणी विचारलंच
तर काय सांगायचं, ते अजून ठरवलेलं नाही.

संध्याकाळी तक्ता भरला.
घाटेअळी सतरा. तंबाखूवरची नऊ. पिसारी चार.
इतर...
इथं पेन बराच वेळ अडलं.
तिकडं तुरीत कुणीतरी दिवा लावला.