उलटी खूण

कुताइसीत वीज संध्याकाळी सातला परत येते.
तोवर मी ओतियाच्या जुन्या मीटरची सुई
बोर्डाच्या एकेका टोकावर टेकवत
कुठली वाट कुठे निघते ते बघते.
नकाशा मिळाला तो नवव्या पानावर तुटलेला,
कंपनी बंद,
आणि शाळेच्या तळघरात असेच चाळीस बोर्ड
खोक्यांत, मुके.

"एवढ्या हुशार यंत्राला स्वतःचे हात-पाय ठाऊक नसतात?"
ओतिया विचारतो. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या त्यानं;
लिफ्टला, म्हणे, आपला मजला कळतो.
नसतात, बाबा. लिहून द्यावं लागतं कर्नलला:
हे घड्याळ, हा पंखा, हा दिवा या पत्त्यावर.
एक झाड काढायचं, फांदीतून फांदी,
आणि पानापानाखाली एक शब्द: चालू.
तो नसेल तर ती वस्तू नाहीच,
डाख लावून बसवलेली असली तरी.

तीन तारा जोडल्या. आधी नुसता कचरा,
चौकटी, प्रश्नचिन्हं; वेग चुकला होता.
मग पहिली ओळ. मग चारशे.
मग हिरवा दिवा, दोन ठोके, थांबा, दोन ठोके,
आणि ओतिया चहा घेऊन उगाच उभा राहिला.

फक्त कार्ड.
कार्ड आत असलं की म्हणतो, नाही.
काढून घेतलं की म्हणतो, आहे.
दोन रात्री मी दोष तारेत शोधला, खाचेत,
माझ्यात.

आई इटलीत, बारीला. परक्या म्हातारीला जेवू घालते.
सहा वर्षं ओतिया टेबलावर तीन ताटल्या मांडतो.
ईस्टरला आली होती, नऊ दिवस.
त्यानं रोज दोनच मांडल्या.
तिसरी तिनं उठून घेतली, काही न बोलता.

तिसऱ्या रात्री कळलं:
या खाचेत कार्ड आलं की व्होल्टेज चढत नाही,
खाली बसतं.
भरलेपणाची खूण इथे शून्य आहे.
एक शब्द बदलला.

पॅच पाठवला. डेन्मार्कहून कुणी वेस्टरगार्ड लिहितो:
फांद्या पत्त्याच्या क्रमानं लाव.
आणि ही उलटी खूण कशावरून? कागद दाखव.

कागद नाही, मी लिहिलं. मोजून पाहिलंय.
सुई माझ्या बापाची.
हे शेवटचं पाठवण्याआधी खोडलं.

वीज पुन्हा गेली.
स्वयंपाकघरात, अंधारात, ताटल्या वाजतात.
मी मोजते.