उतरता क्रम

भोसेकर बाई पेपर वाटतात
गुणांच्या उतरत्या क्रमाने.
पहिल्या पाचांना शाबासकी,
मग नुसती नावं,
मग नुसते हजेरी नंबर,
आणि सगळ्यात शेवटी, "घरत, ये."

मयुरी घरत उठते
तेव्हा तिच्या बाकाची करकर
अख्ख्या दहावी ब ला पाठ आहे.

काल माझं नाव तिसरं आलं.
मी उठले नाही.
(ठरवलं नव्हतं वगैरे खोटं.
रात्री आरशासमोर भाषण केलं होतं,
त्यातलं एक अक्षर आठवेना.)
"ऐकू येत नाही का?"
"शेवटी घेते, बाई."
एवढंच. तेही घशातल्या घशात.
पायाला मुंग्या,
मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

घरत उठली. बाक करकरला.
मग मी.

मला वाटलं होतं, शाळा सुटल्यावर ती हसेल.
दिवा गावाच्या वळणावर
तिने सायकल आडवी घातली.
"तुला कुणी सांगितलं होतं गं?
आता म्हणतील, घरतला
शेवटी यायलाही सोबत लागते."

खाडीचा वास येत होता.
ओहोटी असणार.
सॉरी म्हणावं, तर कशाबद्दल?

बराच वेळ ती ब्रेक दाबत, सोडत राहिली.
"भिंगाची आकृती जमली तुला?"
"नाही. तीन गुण गेले."
"मला जमली."

आणि कॅरियरवर वही टेकवून
तिने किरण काढून दाखवले,
पट्टीशिवाय, सरळ.

घरी फ्रीजवर बाबांचा तक्ता आहे.
त्यात विज्ञानाचा रकाना
मी अजून भरलेला नाही.