दिसण्यापुरता उजेड

बाबल केळुसकरने काउंटरवर सात दिवे मांडले
आणि सातही पेटवून दाखवले.
मालवणच्या बाजारात दुपारी दोन वाजता
कुठलाही दिवा सारखाच मूर्ख दिसतो.

कपाळाला बांधायचा, विहीर उपसणारे नेतात तो.
सायकलच्या मागचा लाल, सतत डोळे मिचकावणारा.
जाळ्याच्या बोयाचा, पाणी लागलं की आपणच जागा होणारा.
आणि एक देव्हाऱ्यातला, प्लॅस्टिकच्या ज्योतीचा.
"ह्यो न्हेवा बाई, म्हयनोभर जळता,"
बाबल म्हणाला आणि स्वतःच हसला.

मी सातही घेतले.
पोस्टातून सुटून बस पकडून देवबागला पोचेपर्यंत
दिवस संपलेला असतो.
माझ्या वाट्याला खाडी येते ती अंधारातली,
आणि कयाक पिवळी, बंद पडलेल्या वॉटर स्पोर्ट्सवाल्याची,
बुडाला डागणी दिलेली.

बालदीत मूठभर मीठ घातलं, रात्रभर सगळे बुडवून ठेवले.
अडीचला उठून पाहिलं तर न्हाणीघराच्या भिंती
हिरव्या, लाल, परत हिरव्या,
जणू आत एखादी वरात अडकून पडलीय.
सकाळी तिघे मेलेले.
एकाच्या भिंगाखाली पाण्याचा थेंब,
भिंगामुळे चांगला बोराएवढा.
देव्हाऱ्यातला मात्र जळत होता.

पहिल्या रात्री कपाळाचा दिवा नेला.
दिसलं काय? माझेच गुडघे,
पिवळं प्लॅस्टिक, वल्ह्यावरून ओघळणारं पाणी,
चिलटांचा एक गोल,
आणि त्यापलीकडे भिंत.
खारफुटी नाही, काठ नाही, आभाळ नाही.
उजेडाला भुलून एक बोईट उडालं ते थेट मांडीवर,
मी किंचाळले, वल्हं सुटलं,
दिवा विझवला तरी डोळ्यांत कितीतरी वेळ
तोच पांढरा डाग.

काठावर रुजाय फर्नांडिस कालवं फोडत बसली होती.
तिने हात थांबवला नाही.
"बत्ती तुका बघूक नाय गो," ती म्हणाली,
"तू दिसाक व्हयी म्हणान."
मग बराच वेळ नुसता कोयतीचा आवाज.
इनासची पात फायबरवाल्याला दिसली नव्हती
हे मला नंतर दुसऱ्याच कुणी सांगितलं.

म्हणून आता असं:
पाठीमागे बांबूची काठी, डोक्याच्या वर वीतभर,
तिच्या टोकाला बोयाचा पांढरा,
माझ्या बाजूने काळी चिकटपट्टी,
म्हणजे तो सगळ्यांना दिसतो, मला सोडून.
गळ्यात सायकलचा लाल, मिचमिच बंद केलेला,
घड्याळ पाहण्यापुरता.
दोन्हींना दोरी. झाकणाच्या रबराला व्हॅसलीन.

अमावास्येच्या आदल्या रात्री
वल्हं बुडालं तिथे पाणी पेटलं.
निळसर. हात घातला तर बोटांना कडा आली,
खालून एक मासा गेला, रेघ ओढून.
मागचा दिवा नसता तर अजून दिसलं असतं.
मी वळले, काठी वाकवली,
आणि बोयाचा दिवा पिळून काढला.

केवढं दिसलं ते सांगत नाही.
किती वेळ गेला तेही ठाऊक नाही.

मग देवबागच्या बाजूला एक बॅटरी हलायला लागली,
डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे,
घाईघाईने, कुणीतरी चप्पल न घालता धावतंय अशी.
खाडीत त्या रात्री जाळी टाकणाऱ्यांचे चार दिवे होते.
निजण्याआधी ती मोजते, हे मला कोण सांगणार?
माझा पाचवा होता.

दिवा बसता बसेना. आटे चुकत होते,
बोटं ओली, आणि व्हॅसलीन.
लागला.

बॅटरी जागच्या जागी थांबली.
थोडा वेळ माझ्याकडेच रोखलेली,
शिवी द्यावी तशी.
मग विझली.

मी वल्हं पाण्यात घातलं.
ते अजून पेटतच होतं, जरा कमी.