नॅट्रम म्यूर, दोनशे

बर्क्याच्या प्लांटवर मी मीठ मोजतो.
आत येणारा समुद्र : लिटरला एकोणचाळीस ग्रॅम.
बाहेर जाणारं पाणी : जवळजवळ काहीच नाही.
मधलं सगळं पंपांचं, पडद्यांचं
आणि खाली माझी सही.

एप्रिलपासून अंगावर पित्त उठायचं.
रात्री दोनच्या सुमाराला, पोटऱ्यांपासून वर,
मुंग्यांना गुळाचा पत्ता लागावा तसं.
कंपनीच्या डॉक्टरांनी तीन मिनिटं दिली
आणि दहा गोळ्यांची पट्टी.
पट्टी होती तोवर झोप यायची,
दिवसासुद्धा, मीटरसमोर.
हमूद म्हणाला, लोबान रात्रभर भिजत घाल, सकाळी ते पाणी पी.
प्यालो. तोंडात देऊळ उघडल्यासारखं झालं.
पित्त जागच्या जागी.

मग शाजीनं पत्ता दिला : रूवी, शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला,
डॉक्टर आंगचेकर बाई.
साबुदाण्याच्या गोळ्या! मी हसलो.
केमिस्ट्री शिकलेल्या माणसानं निदान एवढं तरी हसावं.

बाईंनी आधी पुरळ पाहिलंच नाही.
तहान कशी लागते, घोटघोट की तांब्याभर?
कुठल्या कुशीवर झोपता?
ऊन सोसतं का? (हे मस्कतात विचारतात.)
कोणी समजूत घातली तर बरं वाटतं, की राग येतो?
चौदा वर्षांत या देशात मला विचारलेले प्रश्न :
पासपोर्ट नंबर, ब्लड ग्रुप, शिफ्ट कुठली.
मी एकेका उत्तराला वेळ घेत होतो,
कुलूप गंजलं की किल्ली फिरवून बघतात तसा.

केव्हापासून? एप्रिल.
एप्रिलमध्ये काय झालं? प्लांटचं शटडाउन होतं.
आणखी?
आणखी काही नाही.
बाई लिहायच्या थांबल्या. पंखा चालू होता.
खाली शिंप्याची मशीन एक लांब शिवण घालत गेली.
आक्का गेली, मी म्हटलं.
शिरोड्याच्या मिठागरात होती, डोक्यावर पाट्या वाहायची.
टाचांच्या भेगांत मीठ जायचं, तर रात्री खोबरेल चोळायची
आणि मला म्हणायची, तू वाच, माझ्याकडे बघू नको.
माझी बीएस्सी त्या मिठाची.
रजा बाराव्याला मिळाली.
खाल्ल्या मिठाला जागला नाही, असं कोणीच म्हणालं नाही मला.
म्हणायला हवं होतं कोणीतरी.
रडलात? नाही. शटडाउन होतं.

सात रियाल. एक बारीक बाटली.
हात लावू नका, झाकणात घ्या, जिभेवर ठेवा.
कॉफी बंद. कापूर लांब.
कच्चा कांदा बंद, ही खरी शिक्षा.
चिठ्ठीवर नाव वाचलं : नॅट्रम म्यूर, दोनशे.
बाई, हे तर मीठ!
हो, त्या म्हणाल्या, मीठच.

मला हिशेब येतो.
बारा वेळा शंभरपट पातळ केलं की
मिठाचा कणही सापडायची आशा संपते.
हे दोनशे वेळा.
माझं कुठलंच यंत्र या बाटलीत काही दाखवणार नाही.
मी दिवसभर समुद्रातून मीठ काढतो
आणि रात्री, नसलेलं मीठ जिभेवर ठेवून
अंधारात पडून राहतो. गोड लागतं.

तिसऱ्या आठवड्यात पित्त गेलं.
ऑक्टोबरही लागला होता, वारा बदलला होता.
पट्टीचा उरलेला गुण असेल. कांदा सोडल्याचा असेल.
शास्त्र विचाराल तर मी सही करणार नाही.
पण त्या आठवड्यात एकदा, आंघोळ करताना,
मीच बनवलेल्या पाण्याखाली,
ओठांना खारट लागलं.
मी नळ बंद केला. पुन्हा चव घेतली.
नमुना प्रयोगशाळेत नेण्यासारखा नव्हता.

परवा शाजी रात्री गॅलरीत उभा दिसला,
पोटावर हात दाबून. म्हणाला, ॲसिडिटी. तुझ्याकडे आहे का ती बाटली?
बाटली होती. अर्धी.
मी खुर्ची ओढली.
म्हटलं, देतो. आधी सांग,
कुठल्या कुशीवर झोपतोस?